पहिल्या सीनच्या आधीचा पैसा

ऑस्करमध्ये ‘सर्वोत्कृष्ट चित्रपटा’ची बाहुली घ्यायला स्टेजवर कोण जातं माहितीये? निर्माते. दिग्दर्शक नाही. आपल्याकडच्या राष्ट्रीय पुरस्कारांतही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ निर्माता आणि दिग्दर्शक अशा दोघांना मिळतं. तरी कॉलेजच्या कट्ट्यावर ‘कोर्ट’ कुणाचा, असं विचारून बघा. उत्तर एकच येईल, चैतन्य ताम्हाणेचा. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं नाव विवेक गोम्बर.

‘कोर्ट’ पाहिला असेल तर चेहरा आठवेल. बचाव पक्षाचा वकील विनय व्होरा. सुपरमार्केटात वाईन-चीज घेणारा, गाडीत जॅझ ऐकणारा आणि आईबाबांच्या घरी जेवायला गेला की लग्नावरून बोलणी खाणारा. तो रोल करणारा नट हाच त्या सिनेमाचा एकमेव निर्माता होता, हे मात्र बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

निर्माता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक म्हणजे जुन्या सिनेमातला, बोटभर अंगठ्या घालून ‘हिरोइन कोण घेतलीये?’ विचारणारा शेठ. दुसरं म्हणजे सुरुवातीला झळकणारा चकचकीत स्टुडिओचा लोगो. इंडिपेंडंट प्रोड्यूसर या दोन्हींत बसत नाही. त्याच्या मागे चॅनल नसतं, स्टुडिओ नसतो, सिनेमात स्टार नसतो, त्यामुळे सिनेमा आधीच विकून टाकायची सोयही नसते. त्याच्याकडे असते फक्त एक स्क्रिप्ट. कधी कधी तीही नसते.

गोम्बरच्या बाबतीत तर नव्हतीच. जन्म जयपूरचा, वाढला सिंगापूरमध्ये, नाटक शिकला अमेरिकेत बोस्टनच्या इमर्सन कॉलेजात आणि मग मुंबईत येऊन नट म्हणून धडपडत होता. त्या काळात त्याने ‘ग्रे एलिफंट्स इन डेन्मार्क’ नावाच्या नाटकात काम केलं. साल २००९. नाटकाचा लेखक-दिग्दर्शक विशीतला एक मुंबईकर मुलगा होता, तोच ताम्हाणे. पुढे ताम्हाणेने एक शॉर्ट फिल्म केली, ती फेस्टिव्हलांमध्ये फिरली आणि मग नेहमीचंच झालं. डोक्यात कोर्टाच्या सिनेमाची कल्पना आणि खिशात काही नाही. तेव्हा गोम्बरने त्याला सांगितलं की तू लिही, मी महिन्याला पंधरा हजार देतो. साधारण वर्षभर.

इथे जरा कॅल्क्युलेटर काढू. पंधरा हजार गुणिले बारा म्हणजे १ लाख ८० हजार. ‘कोर्ट’चं बजेट साडेतीन कोटींच्या घरात सांगितलं जातं. म्हणजे लिहिण्यावर खर्च झालेली रक्कम एकूण खर्चाच्या जेमतेम अर्धा टक्का. सिनेमातला हा सगळ्यात स्वस्त पैसा. आणि सगळ्यात दुर्मिळही हाच! कॅमेऱ्याचं भाडं, लाइट, जेवणावळ, व्हॅनिटी यांना पैसे द्यावे लागतात हे सगळ्यांना कळतं. कोणी वर्षभर खोलीत बसून, कोर्टाच्या बाकावर बसून विचार करतोय आणि त्यासाठी त्याला घरभाडं द्यायचंय, हे आपल्या इंडस्ट्रीच्या गळी उतरत नाही. ‘आधी स्क्रिप्ट आण, मग बघू’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा लेखक मुंबईत सापडायचा नाही.

त्या पैशांनी विकत काय घेतलं, तर वेळ. ताम्हाणे खालच्या कोर्टांत जाऊन बसला. तिथलं कामकाज कसं रेंगाळतं, वकील पुटपुटत कसं वाचतात, न्यायाधीश लेखनिकाला कसं डिक्टेट करतो, हे सगळं सिनेमात आलं ते तिथून. नट निवडायलाही महिनोन् महिने घेतले. बहुतेक मंडळी कॅमेऱ्यासमोर कधीच उभी न राहिलेली. शाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत नागपूरचे वीरा साथीदार होते. ‘विद्रोही’चे संपादक, चळवळीतले कार्यकर्ते. (२०२१ मध्ये कोविडने ते गेले.) कुठल्याही स्टुडिओच्या मीटिंगमध्ये हे नाव गेलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता, हे सांगायला नको. ‘त्यांच्याऐवजी कोणी ओळखीचा चेहरा?’ निर्मात्याचं मोठं काम कधी कधी हा प्रश्न न विचारणं एवढंच असतं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. २०१४ मध्ये व्हेनिसला ‘ओरिझोंती’ विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि शिवाय पदार्पणाचा ‘लायन ऑफ द फ्युचर’. मग राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि त्यानंतर ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका.

सिनेमा थिएटरात आला १७ एप्रिल २०१५ ला. त्याच महिन्यात राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायची सक्ती जाहीर केली होती आणि त्यावरून राडा सुरू होता. आठवतंय? नसेल आठवत, तुम्ही तेव्हा शाळेत होतात. शेवटी ‘दुपारी बारा ते रात्री नऊ’ अशी तडजोड निघाली. वाद सगळा शोच्या वेळेचा होता. सिनेमा लिहिला जात असताना त्याच्या पाठीशी कोण होतं, यावर तेव्हा कोणी भांडलं नाही. आजही भांडत नाही.

राज्य सरकार मराठी सिनेमाला अनुदान देतं आणि ते चांगलंच आहे. ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख अशी ही योजना. पण ते मिळतं सिनेमा पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर, समितीने बघून दर्जा दिल्यावर. म्हणजे पोहून पलीकडे पोचलात की टायर मिळणार! मधल्या सगळ्या पाण्याची जोखीम निर्मात्याची. राष्ट्रीय पुरस्काराचंही तसंच. त्या वेळी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या निर्मात्याला सुवर्णकमळासोबत रोख अडीच लाख मिळत. साडेतीन कोटींसमोर अडीच लाख. मान मोठा, पण हप्ता भरता येत नाही. असल्या सिनेमाचे पैसे परत येतात ते थेंबाथेंबाने. एखादा परदेशी वितरक, मग टीव्ही, मग ओटीटी.

एवढं यश मिळाल्यावर शहाणा माणूस काय करेल? पुढच्या सिनेमात स्टार घेईल. गोम्बर आणि ताम्हाणेने घेतला ‘द डिसायपल’. हिंदुस्थानी शास्त्रीय गायकीवरचा, त्यातही यशस्वी न होणाऱ्या गायकावरचा सिनेमा. मुख्य भूमिकेत आदित्य मोडक, म्हणजे प्रत्यक्षातला गायक. गुरूच्या भूमिकेत पं. अरुण द्रविड. पुन्हा निर्माता एकच. दोन सिनेमांमध्ये सहा वर्षांचं अंतर. मधल्या काळात ताम्हाणेला रोलेक्सच्या गुरु-शिष्य योजनेतून ‘ग्रॅव्हिटी’वाला आल्फोन्सो क्वारोन मार्गदर्शक म्हणून मिळाला आणि पुढे तो ‘डिसायपल’चा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर झाला. गोम्बर या वर्षांत ‘सर’मध्ये तिलोत्तमा शोमसमोर आणि मीरा नायरच्या ‘अ सूटेबल बॉय’मध्ये दिसला. २०२० मध्ये ‘डिसायपल’ व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेला. ‘मॉन्सून वेडिंग’नंतर, म्हणजे जवळपास वीस वर्षांनी तिथे पोचलेला हा भारतीय सिनेमा. सर्वोत्कृष्ट पटकथेचं पारितोषिक घेऊन आला आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये, लॉकडाउनच्या भरात, नेटफ्लिक्सवर लागला.

आता जरा अडचणीचा प्रश्न. हे सगळं गोम्बरला जमलं, कारण त्याला वाट बघणं परवडत होतं. सिंगापूर-बोस्टन असा प्रवास करून आलेला माणूस आणि लातूरहून पुण्यात येऊन मेसचा डबा लावून राहणारा मुलगा यांची जोखीम घ्यायची ताकद सारखी नाही. गंमत म्हणजे हे ‘कोर्ट’ने स्वतःच दाखवलंय. शाहिराची केस लढणारा विनय व्होरा मनापासून लढतो, स्वतःच्या पैशांनी जामीन भरतो. पण रात्री परत जातो तो आपल्या ऐसपैस फ्लॅटवर. सिनेमा त्याची टिंगल करत नाही, पण त्याला सोडतही नाही. निर्मात्यानेच तो रोल करावा यात मला तरी प्रामाणिकपणा दिसतो.

म्हणून ‘प्रत्येक ताम्हाणेला एक गोम्बर मिळो’ हे काही धोरण होऊ शकत नाही, तो नशिबाचा भाग झाला. मग इतर रस्ते कोणते? जुना आणि भारी रस्ता ‘मंथन’चा. १९७६ मध्ये गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगल यांनी सिनेमा केला. पाच लाख निर्माते! पण त्यामागे सहकारी संघाचं तयार जाळं होतं, ते क्राउडफंडिंगच्या लिंकने उभं राहत नाही. दुसरा रस्ता परदेशी फंडांचा. २०२४ मध्ये कानला ग्रां प्री मिळवणाऱ्या पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’च्या मागे फ्रान्ससह अनेक युरोपीय देशांचा पैसा होता. गोष्ट मुंबईतल्या नर्सेसची, शेवट रत्नागिरीकडच्या गावात, आणि पैसा युरोपचा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण आपल्या गोष्टीला पहिला चेक तिथून यावा लागतो, हे खुपायला हवं.

तिसरा रस्ता अलीकडचा. रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. त्याच्या श्रेयनामावलीत नीरज चुरी यांच्यासोबत निर्मात्यांची लांबलचक यादी आहे. एकाने सगळं ओझं घ्यायच्या ऐवजी अनेकांनी थोडं थोडं उचललं. सप्टेंबरमध्ये सिनेमा थिएटरात आणला तो राणा दग्गुबातीच्या स्पिरिट मीडियाने, ‘ऑल वी इमॅजिन’ही त्यांनीच आणला होता. मराठी सिनेमाला हैदराबादचा वितरक मिळतो आणि दादर-गिरगावचा मिळत नाही, यावर एखादा परिसंवाद व्हायला हरकत नाही.

ओटीटी हा रस्ता मात्र अरुंद होत चाललाय. लॉकडाउनच्या दिवसांत वाटलं होतं, आता छोट्या सिनेमांचे दिवस आले. पण आता प्लॅटफॉर्मवाले विचारतात, स्टार कोण आणि थिएटरला किती चालला? म्हणजे फिरून त्याच चौकात.

दिग्दर्शन शिकायला निघालेल्यांची आपल्याकडे कमी नाही. निर्मिती शिकायची म्हटलं की कोलकात्याच्या सत्यजित रे इन्स्टिट्यूटसारखी मोजकी नावं निघतात. दर नोव्हेंबरला गोव्यात इफ्फीच्या जोडीने एनएफडीसीचा फिल्म बाजार भरतो. स्क्रिप्ट घेऊन फिरणारे आणि पैसे शोधणारे तिथे एका छताखाली भेटतात. इफ्फीचा पास काढून चार सिनेमे बघून येणाऱ्यांनी एकदा त्या बाजूलाही डोकावावं.

आणि निर्माता म्हणजे कोणी दुसऱ्या ग्रहावरचा माणूस वाटत असेल, तर आपल्याच कॉलेजची एकांकिकेची टीम आठवा. दिग्दर्शक भाव खातो, हिरोइन रिहर्सलला उशिरा येते. आणि एक जण असतो जो वर्गणी काढतो, प्राचार्यांची सही आणतो, सेटसाठी टेम्पो ठरवतो, लेखकाने तिसऱ्यांदा शेवट बदलला तरी ‘घे अजून दोन दिवस’ म्हणतो आणि तोवर हॉलची तारीख पुढे ढकलून आणतो. ब्रोशरवर त्याचं नाव ‘विशेष सहाय्य’च्या खाली, सगळ्यात बारीक अक्षरांत.