सावलीच्या जागेतला धंदा

मुळशी तालुक्यातील माण हे पूर्वी शेतीचे गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा आला आणि शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक इमारतीला बाग हवी असते, आणि उंच इमारतीच्या उत्तरेला सावली ठरलेली. तेथेही कंत्राटदार नेहमीचा सोनेरी ड्युरांटाच लावतो. ऊन नसले की त्याचा पिवळेपणा जातो, फांद्या विरळ होतात आणि रोपे बदलण्याचा खर्च पुन्हा सोसायटीच्या माथी.

हे गिऱ्हाईक आपल्या बांधवांनी धरावे. बागवान म्हणजे बाग राखणारा. पण आज या बिरादरीत फळांचे व्यापारी पुष्कळ, रोपे करणारे थोडे. माल पश्चिमेच्या डोंगरातला आहे. सह्याद्रीच्या झाडीखाली वाढणारी दशमुळी घ्या. थंडीत तिला निळी फुले येतात, जुनी होताना ती तांबूस होतात. भुतकेसाला पावसाळ्यात नारिंगी फुले आणि जोडीला पानाएवढे पांढरेशुभ्र दल. अंजनी उन्हाळ्याच्या तोंडाला जांभळ्या-निळ्या फुलांनी भरते, पण वाढते सावकाश. तिच्यात भांडवल अडकते, हे आधीच सांगितलेले बरे. कारवीच्या नादी मात्र लागू नये. सात-आठ वर्षांनी एकदा फुलून ती मरते. गिऱ्हाईक इतके थांबत नाही.

डोंगरातून झुडपे उपटून आणणे हा धंदा नव्हे. राखीव वनातून परवानगीशिवाय रोप उचलणे 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. खाजगी जमिनीच्या मालकाला विचारून बी किंवा फांद्या आणाव्यात. भुतकेस छाटकलमाने होतो. दशमुळीचे बोंड वाळले की फटकन फुटून बी उडते, म्हणून त्याआधीच मलमलीची पिशवी बांधावी.

खरी अडचण विक्रीची. फुलाविना ही रोपे अगदी साधी दिसतात, आणि उरुळी कांचनच्या रोपवाटिकांतील रंगीत मालाशी भावात टक्कर देणे कठीण. तेव्हा रोपामागे दर न सांगता सावलीच्या पट्ट्याचे पूर्ण काम, वर्षाच्या देखभालीसह, ठरवावे. त्यात शेडनेटचा सांगाडा जोडणाऱ्या वेल्डरलाही चार पैसे आहेत. नमुन्याला मात्र फुललेलीच कुंडी हवी. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते, आणि दशमुळी त्याच सुमारास फुलावर असते. पहिली कुंडी तेथेच का नेऊ नये?