गुलाबाचा वसंत डिसेंबरात येतो!

मंडळी, फेब्रुवारी उजाडला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे रोझ डे. दुसरी म्हणजे गेटपासून ऑफिसपर्यंत रस्त्याच्या कडेला काळ्या पिशव्यांतले फुललेले गुलाब ओळीने मांडले जातात, कारण कुणीतरी बडे पाहुणे नाहीतर तपासणीची समिती येणार असते. समिती चहा-बिस्किटं घेऊन जाते, रोपं तिथंच राहतात. एप्रिल संपेपर्यंत त्यांच्या काड्या होतात आणि मग सगळे एकमुखाने म्हणतात, "टिटवाळ्याच्या हवेत गुलाब होत नाही हो!"

हे साफ चूक आहे. गुलाब होतो. आपण त्याला भलत्या महिन्यात बोलावतो.

वसंत ऋतूत बहरलेली गुलाबाची बाग हे चित्र आपल्या डोक्यात बसलंय ते कॅलेंडरांवरून, ग्रीटिंग कार्डांवरून. ते चित्र बर्फ पडणाऱ्या देशांचं आहे. तिकडे हिवाळ्यात झाड झोपतं, थंडी सरताना त्याची छाटणी होते आणि जूनमध्ये बाग फुलते. आपल्या देशात दक्षिणेकडे यावं तसा हा बहर अलीकडे सरकतो. चंदीगडच्या झाकीर हुसेन रोझ गार्डनमधला गुलाबोत्सव फेब्रुवारीत असतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरतं. आणि काळू नदीच्या काठच्या आपल्या या दमट गावात गुलाबाचे खरे दिवस म्हणजे डिसेंबर आणि जानेवारी, पहाटे ब्लँकेट ओढून पहिलं लेक्चर बुडवावंसं वाटतं ते. चैत्र लागेपर्यंत इथं ऊन असं तापतं, की सकाळी उमललेलं फूल संध्याकाळी पाकळ्या टाकतं. फूल लहान होतं, कडा करपतात, पानांखाली लाल कोळी जाळी विणायला लागतो. झाडाचा त्यात काही दोष नाही.

(चैत्रात फुलणारा गुलाब भारतात आहे बरं का. त्याला चैती गुलाबच म्हणतात. कनौजचं अत्तर आणि पुष्करचं गुलाबपाणी त्याचंच. पण तो वर्षातून एकदा बहरतो आणि त्याला उत्तरेकडची खरी थंडी लागते. आपल्याकडे स्वेटर घालायला निमित्त शोधावं लागतं!)

टिटवाळ्याचा वसंत दुसऱ्याच फुलांचा आहे. मोगरा, सोनचाफा, आंब्याचा मोहोर. महागणपतीची स्थापना शकुंतलेने केली आणि कण्व मुनींचा आश्रम इथंच होता, अशी इथली कथा. आता कालिदासाचं नाटक आठवा. झाडांना पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी न पिणारी मुलगी, अशी कण्व तिची ओळख करून देतात. तिची लाडकी वेल, जिला तिने वनज्योत्स्ना असं नाव ठेवलं होतं, तीही मोगऱ्या-जाईच्या कुळातली. गुलाबाचा त्या आश्रमात पत्ता नाही.

मग गुलाब सोडून द्यायचा का? मुळीच नाही. फक्त त्याचं टाइमटेबल समजून घ्यायचं.

पावसाळ्यात इथं दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गुलाबाच्या पानावर काळे ठिपके आणणारी बुरशी रुजायला पान सात-आठ तास ओलं राहिलं तरी पुरतं. आपल्याकडे जुलैत पान आठवडाभर सुकत नाही! त्यामुळे ऑगस्टमध्ये झाड ओकंबोकं दिसतं. ते मेलं असं समजून उपटू नये. पाऊस थांबला, ऑक्टोबरची उन्हं पडली, की १५ ते २० ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी करायची. वाळलेल्या, रोगट, आत वळलेल्या फांद्या मुळापासून काढायच्या. चांगल्या फांद्या निम्म्याने कमी करायच्या, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप देऊन. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावायची. मोरचूद, चुना आणि पाणी, एवढीच तिची रेसिपी. केमिस्ट्रीच्या लॅबवाल्यांना हसू येईल इतकी सोपी. ती नाही लावली तर टोकाकडून फांदी काळी पडत खाली मरत येते. मग आळं करून शेणखत आणि निंबोळी पेंड. पाणी सकाळी, बुंध्याशी, पानांवर नाही.

त्यानंतर साधारण ४५ दिवस. म्हणजे पहिली फुलं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

आता खरी गोम इथं आहे. ऑक्टोबरच्या मध्याला आपण कुठं असतो? सबमिशनला. डिसेंबरात? परीक्षेत, आणि ती संपली की थेट घरी. म्हणजे बहर येतो तेव्हा हॉस्टेलला कुलूप! वसंताच्या नावाने आपण फुलं शोधत फिरतो फेब्रुवारीत, तोवर न कापलेली फुलं झाडावर वाळून त्यांची बोंडं धरलेली असतात आणि झाड पुढची फुलं द्यायचं विसरलेलं असतं.

यावर इलाज आहे आणि तो इंजिनिअरिंगचाच आहे. उलटं मोजायचं. मावळातले, तळेगावकडचे पॉलिहाउसवाले शेतकरी हेच करतात. व्हॅलेंटाइन डेसाठी त्यांचा माल जानेवारीच्या शेवटापासून निघायला हवा, म्हणून ते डिसेंबरच्या मध्यालाच काप घेऊन ठेवतात. आपणही डिसेंबरात ओसरलेली फुलं, खाली पाच पानांची चांगली पानडी बघून तिच्यावर कापली, तर दुसरा बहर पुन्हा सुमारे दीड महिन्याने. २० डिसेंबरला कापा, ३ फेब्रुवारीच्या आसपास फुलं घ्या. ७ फेब्रुवारीला रोझ डे. हिशेब जमतो की नाही? मग कल्याणच्या फूलबाजारातून डच गुलाबांचे गठ्ठे आणायची गरज काय? ते दिसायला देखणे, पण नाकाला लावून बघा. लांब दांडा, लांबचा प्रवास आणि फुलदाणीत टिकणं या पेपरांत त्या जाती पास झाल्या. वासाला तिथं मार्कच नव्हते.

पण २० डिसेंबरला कापणार कोण? इथं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला लागलं तर लागू दे. बाग विद्यार्थ्यांच्या कमिटीवर सोपवू नका. कमिटी दर वर्षी बदलते, गुलाब नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो. गेल्या मार्चमध्ये एका उत्साही गटाने कुठलासा परदेशी व्हिडिओ बघून बॉईज हॉस्टेलमागची सगळी झाडं गुडघ्याएवढी छाटली. व्हिडिओ खोटा नव्हता, पण तो बर्फाच्या गावचा होता. वरून ऊन आणि खाली उघडे काप. नऊपैकी पाच झाडं गेली. उरलेल्या चारांपैकी एक सध्या जोमात आहे आणि येणारे-जाणारे त्याचं कौतुक करतात. माफ करा, पण तो गुलाब नव्हे. म्हणजे आपण आणला तो नव्हे. नर्सरीत जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरतात. त्या गाठीच्या खालून जे फुटवे आलेत ते खुंटाचे आहेत. वरचं कलम केव्हाच मेलंय.

हे मला सांगितलं आपल्या माळीकाकांनी. मार्चमधली छाटणी बघून ते म्हणाले होते, "आता नका हात लावू." कुणी ऐकलं नाही, कारण ते कंत्राटाचे आणि त्यांचं काम कागदोपत्री 'परिसर स्वच्छता'. बागेला किती शेणखत घ्यायचं हे विचारायचा त्यांना अधिकार नाही, आणि समिती येणार म्हटल्यावर पिशव्यांतली रोपं आणायला पैसे मात्र निघतात. माझं म्हणणं एवढंच, की ते पैसे ऑक्टोबरात खर्च करा. दहाच झाडं, पण जमिनीत. वाण निवडायचा, छाटायचं कधी, सगळं काका ठरवतील. आपण हाताखाली राहू.

आणि मेचं काय? हॉस्टेल रिकामं, पाण्याची बोंब. झाडांना पाण्याची गरज सगळ्यात जास्त तेव्हाच. मंडळी, मातीतला ओलावा मोजून आपोआप पाणी सोडणारं प्रोजेक्ट या कॉलेजात दर वर्षी एक तरी ग्रुप करतो. व्हायवाला एक कुंडी आणतात, पंप चालतो, एक्स्टर्नल मान डोलावतात आणि सगळं सामान कपाटात. त्यातलं एक जरी बागेत बसलं आणि टाकीला एक ठिबकची नळी जोडली, तर उन्हाळा निघेल. बुंध्याशी वाळलेल्या पानांचं चार बोटं आच्छादन टाकलं, तर पाणीही कमी लागेल.

मेकॅनिकलच्या काही वीरांना हे काम नाजूक वाटतं. त्यांच्यासाठी सांगतो. डॉ. बी. पी. पाल हे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. आयुष्य घालवलं गव्हावर, तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या जाती शोधण्यात. आणि फावल्या वेळात या माणसाने गुलाबाच्या नव्या जाती तयार केल्या. त्यातल्या एका पांढऱ्या गुलाबाचं नाव 'डॉ. होमी भाभा'. आता बोला!

वीरांना एक कामही आहे. काकांकडे सिकेटर एकच आहे आणि त्याची स्प्रिंग तुटलीय. सध्या ते सुतळी बांधून चालवतात. वर्कशॉपमध्ये कुणी तेवढी स्प्रिंग वळून दिली, तर ऑक्टोबरच्या आत द्या.