‘घरचं आहे ना!’ या कोमट समजुतीबद्दल

मंडळी, या विकांताला जरा भांडण काढायचं आहे, आणि तेही एका वाक्याशी. "सकाळी केलंय, थर्मासमध्ये आहे, ताजंच आहे!" हिंजवडी असो नाहीतर ऐरोली, दुपारी दीडच्या सुमाराला कुठल्याही हापिसात हे वाक्य कानावर येतं. मग झाकण उघडतं, वाफेचा पत्ता नसतो, आणि टोमॅटोचं सार पिणारा गडी म्हणतो, "कोमट आहे, पण घरचं आहे ना!"

माझं भांडण त्या ‘पण’शी आहे.

‘घरचं’ हे तापमान नव्हे हो! जिवाणूंना घरचं-बाहेरचं कळत नाही, त्यांना फक्त अंश सेल्सिअस कळतात. साधारण ५ ते ६० अंश हा त्यांच्या सोयीचा पट्टा. त्यातही चाळिशीच्या आसपास, म्हणजे आपण ज्याला प्रेमाने कोमट म्हणतो तिथे, काही जिवाणूंची संख्या वीसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकते. आता सकाळी सात ते दुपारी दीड याचा हिशोब तुम्हीच करा. दोनाचे घात आपण सगळेच शिकलो आहोत.

आता तुम्ही म्हणाल, "अरे, पण आमटी खळखळ उकळली होती की!" उकळली असेल. पण काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही तग धरतात आणि अन्न कोमट झालं की पुन्हा कामाला लागतात. "मग मायक्रोवेव्हमध्ये गरम करू," हा दुसरा बचाव. बॅसिलस सीरिअस नावाचा एक जिवाणू उलट्या करायला लावणारं जे विष तयार करतो, ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. शिवाय स्टीलचा थर्मास मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाही, ते वेगळंच.

मुळात थर्मास काही गरम करत नाही आणि ताजंही ठेवत नाही. १८९२ मध्ये जेम्स ड्यूअरने दुहेरी भिंतींची, मधली हवा काढून टाकलेली बाटली बनवली, ती अतिथंड द्रवरूप वायू साठवायला. आत जे आहे ते तसंच ठेवणं एवढंच तिचं काम. गरम भरलंत तर गरम, कोमट भरलंत तर सहा तास इमानेइतबारे कोमट! गार्बेज इन, गार्बेज आउट, दुसरं काय?

आणि सगळ्यांची गडबड नेमकी भरतानाच होते. स्टीलची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या साधारण एक अष्टमांश. समजा थर्मासचं आतलं स्टील २०० ग्रॅम आहे आणि ते २५ अंशांवर आहे. त्यात ९० अंशांचं ३०० मिली सार ओतलंत, तर सुरुवातीलाच ५ अंश गेले. अर्धाच भरलात तर ९! म्हणून आधी उकळतं पाणी भरून, झाकण लावून पाच मिनिटं ठेवायचं, मग ते ओतून लगेच उकळतं सार गळ्यापर्यंत भरायचं. जेवेपर्यंत उघडायचं नाही, "बघू गरम आहे का" म्हणूनसुद्धा नाही. आणि फोमवाला ‘हॉट टिफिन’ म्हणजे थर्मास नव्हे. दोन्ही दुकानात शेजारी मांडलेले असतात म्हणून ते भाऊ होत नाहीत.

हे सगळं इतक्या त्वेषाने का लिहितोय? कारण बऱ्याच घरांत हा थर्मास भरते आई. कंपनीची बस सव्वासातला, म्हणून ती साडेपाचला उठते, आमटी करते, आणि "वाफ धरायला नको" म्हणून थोडी निवल्यावर भरते. तिला हे कुणी सांगितलेलंच नसतं. ज्याने सांगावं, त्या चिरंजीवांना सर्व्हर रूमचं तापमान दोन अंशांनी वाढलं तर मध्यरात्री अलर्ट येतो, पण स्वतःच्या डब्याचं तापमान आयुष्यात मोजलेलं नाही. पोट बिघडलं की खापर पाणीपुरीवाल्यावर. घरच्या आमटीवर संशय घेतला तर आईचा अपमान होईल म्हणे! अहो, तिच्या पहाटेच्या कष्टांचं सहा तासांत मातेरं करणं हा अपमान नाही का?

स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर काही फार महाग नसतो. एका रविवारी थर्मास वर सांगितल्याप्रमाणे तापवून, सकाळी सातला उकळत्या पाण्याने भरा आणि दीडला मोजा. ६० अंशांच्या खाली आलं असेल, तर तो थर्मास जेवणासाठी बाद, डब्यावर ‘२४ तास गरम’ असं कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो. पास झाला, तरी झाकणाची रबरी रिंग रोज काढून धुवा, वास तिथेच बसतो. नारळाचं वाटण, मटणाचा रस्सा असं काही असेल तर जास्तच काटेकोर राहा.

आणि हे जमणार नसेल, तर सरळ रात्रीच फ्रिजमध्ये गार केलेलं सार बर्फाच्या पॅकसोबत न्या, हापिसात पोचल्यावर फ्रिजमध्ये टाका आणि दुपारी काचेच्या भांड्यात उकळी येईपर्यंत तापवा. मायक्रोवेव्हच्या रांगेत दहा मिनिटं जातील, जाऊ देत. गरम न्या किंवा गार न्या, अधलंमधलं नको.

आणि हो, पंचविशी उलटून गेलेल्या माणसाने आपला थर्मास स्वतः उठून भरायला काहीच हरकत नाही. उद्या सोमवार आहे, गजर लावा.