विश्लेषण : विमान अपघातानंतरच्या पहिल्या तीन मिनिटांत ड्रोन काय करू शकतो?

विमानतळाजवळ ड्रोन दिसला की सुरक्षा यंत्रणा सावध होतात आणि ते योग्यच आहे. मात्र, विमानतळाच्याच अग्निशमन दलाच्या हाती असलेला ड्रोन अपघाताच्या वेळी जीव वाचवण्यास मदत करू शकतो. थर्मल कॅमेरा असलेले ड्रोन आज सहज मिळतात. खोळंबा आहे तो परवानगीचा आणि समन्वयाचा.

तीन मिनिटांचा नियम काय आहे?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयकाओ) निकषांनुसार, सूचना मिळाल्यापासून तीन मिनिटांच्या आत अग्निशमन दलाची पहिली गाडी धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला पोहोचून फोम मारण्याच्या स्थितीत असली पाहिजे. शक्य असल्यास हे दोन मिनिटांत व्हावे, अशी शिफारस आहे. पण गाडी वेळेत पोहोचली तरी जवानांना जमिनीवरून विमानाची एकच बाजू दिसते. पलीकडे कोणता दरवाजा उघडला, इंधन कुठे वाहते आहे, प्रवासी कोणत्या दिशेने पळाले, हे धुरात आणि अंधारात कळत नाही.

माहिती नसल्याने काय घडते?

६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर एशियाना एअरलाइन्सचे विमान उतरताना कोसळले. विमानातील ३०७ पैकी तिघांचा मृत्यू झाला. त्यातली एक किशोरवयीन मुलगी विमानाबाहेर फेकली गेली होती. काही जवानांना ती दिसली होती; पण ती मृत असल्याचे समजून ते पुढे गेले. नंतर ती फोमखाली झाकली गेली आणि तिच्यावरून अग्निशमन दलाच्या गाड्या गेल्या. तिथे मनुष्यबळ होते, गाड्याही होत्या. एकाला दिसलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोहोचली नाही. वरून घेतलेले चित्र आणि त्यावर केलेली खूण सर्व गाड्यांमधल्या पडद्यांवर दिसली असती, तर चालकांना तिथे कोणी आहे हे कळण्याची शक्यता होती.

ड्रोन नेमके काय दाखवतो?

थर्मल कॅमेरा उष्णतेतला फरक टिपतो. त्यामुळे रात्री गवतात पडलेला माणूस, विमानाच्या सांगाड्यात धुमसणारी आग, तापलेले इंजिन वेगळे दिसू शकते. साधा कॅमेरा धुराची दिशा, उघडलेल्या घसरगुंड्या आणि विखुरलेले अवशेष दाखवतो. गाड्या कोणत्या बाजूने न्यायच्या, हे त्यावरून ठरवता येते. अपघात विमानतळाच्या कुंपणाबाहेर झाला असेल, तर रुग्णवाहिकांसाठी मोकळा रस्ता शोधण्यासही हे चित्र उपयोगी पडते.

मर्यादा कोणत्या?

ड्रोन आग विझवत नाही. जोरदार पाऊस आणि वाऱ्यात तो उडवणे अवघड असते. लहान ड्रोनची बॅटरी साधारण अर्धा तास चालते. फोमच्या जाड थराखालची उष्णता थर्मल कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. म्हणून फोम मारण्यापूर्वीचे पहिले चित्र महत्त्वाचे. शिवाय बचावकार्याचे नेतृत्व करणाऱ्या अधिकाऱ्याला पडद्याकडे पाहत बसायला सवड नसते. चित्र पाहून नेमके तेवढेच सांगणारा स्वतंत्र माणूस नेमला नाही, तर ड्रोन फक्त चित्रीकरण करत राहील.

मग विरोध कशासाठी?

भीती अनाठायी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ड्रोन दिसल्याच्या तक्रारींमुळे लंडनचे गॅटविक विमानतळ ठप्प झाले आणि सुमारे एक हजार उड्डाणांना फटका बसला. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात पाणी टाकणाऱ्या विमानाला एक छोटा खासगी ड्रोन धडकला. पंखाला भोक पडल्याने ऐन वणव्यात ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर ठेवावे लागले. एटीसीला माहीत नसलेला ड्रोन धोकादायक, असाच या घटनांचा अर्थ आहे.

भारतात नियम काय सांगतात?

ड्रोन नियम २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच विनापरवानगी उड्डाण करता येते. त्याहून जवळ किंवा उंच जायचे तर एटीसी किंवा केंद्र सरकारची परवानगी लागते. एरवीसाठी ही चौकट ठीक आहे. पण अपघात झाल्यावर परवानगी मागायला वेळ कुठला? पुणे आणि गोव्यातील दाबोळी येथे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण तिथल्या धावपट्ट्या अनुक्रमे हवाई दल आणि नौदलाच्या ताब्यात आहेत.

गरज किती खरी आहे?

७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला रात्री, पावसात एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान टेबलटॉप धावपट्टीवरून खाली कोसळले. २१ जणांचा मृत्यू झाला. २८ जून २०१८ रोजी घाटकोपरच्या भरवस्तीत छोटे विमान पडून पाच जण दगावले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर आदळले आणि २६० जणांचा बळी गेला. यातल्या प्रत्येक ठिकाणी ड्रोनने जीव वाचले असते, असा दावा करता येणार नाही. कोझिकोडच्या पावसात तो उडालाही नसता कदाचित. मात्र तिन्ही अपघात धावपट्टीबाहेर झाले. ओळखीच्या धावपट्टीवर सराव केलेल्या दलाला अशा जागी सर्वप्रथम परिस्थितीचा अंदाज घ्यावा लागतो.

काय करायला हवे?

परवानगी अपघाताआधीच दिली पाहिजे. प्रत्येक विमानतळाच्या आपत्कालीन आराखड्यात ड्रोन कोण उडवणार, किती उंचीवर, कोणत्या हद्दीत आणि एटीसीच्या कोणत्या शब्दावर तो लगेच खाली आणायचा, हे लिहिलेले हवे. हेलिकॉप्टर येत असेल तर ड्रोनने बाजूला व्हायचे, हेही त्यातच यावे. आयकाओच्या निकषांनुसार किमान दोन वर्षांतून एकदा पूर्ण आपत्कालीन सराव करावाच लागतो. त्यात ड्रोन, एटीसी, महापालिकेचे अग्निशमन दल आणि जिथे लागू असेल तिथे लष्करी यंत्रणा एकत्र उतरवाव्यात. सरावात जे जमणार नाही, ते खऱ्या अपघातात जमण्याची शक्यता नाही. ड्रोन खरेदीची निविदा काढणे त्या मानाने सोपे आहे. डीजीसीए आणि विमानतळ प्राधिकरणाने आधी हा आराखडा तयार करावा.