सरासरीच्या खाली म्हणजे बरे? कललेल्या आकड्यांचा धडा



मागच्या महिन्यात आमच्या गावात रक्ततपासणीचे शिबिर झाले. शेवटी फळ्यावर लिहिले होते, 'ट्रायग्लिसराइडची सरासरी २१५'. माझ्या वडिलांचा उपाशीपोटीचा आकडा आला १९०. बाबा एकदम खुश! म्हणाले, "अगं, मी तर सरासरीच्या खाली आहे. आता जिलबी बंद करायचं काही कारण नाही."

मला मात्र चैन पडेना. कारण उपाशीपोटी हा आकडा १५० च्या खाली असावा असे डॉक्टर सांगतात. १५० ते १९९ म्हणजे सीमारेषेवरचा. मग सरासरीने बाबांना खोटा दिलासा का दिला?

चला, वर्गात करतो तसे उदाहरण करून बघू. मी बनवलेली ही नऊ माणसे घ्या: ४०, ८०, ८०, १६०, १६०, १६०, ३२०, ३२०, ६४०. बेरीज १९६०, भागिले ९, सरासरी जवळपास २१८. आता मोजा बरं, किती जण सरासरीच्या खाली आहेत? नऊपैकी सहा! एकट्या ६४० वाल्याने सरासरी वर ओढली. चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा मध्यक मात्र १६० च आहे.

अशा माहितीला उजवीकडे कललेली माहिती म्हणतात. रक्तातल्या बऱ्याच घटकांचे असेच असते. आकडा शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, पण वर कितीही जाऊ शकतो. त्यामुळे आलेख घंटेसारखा न येता त्याला उजवीकडे लांब शेपूट येते.

प्रयोगशाळेसाठी हा फरक लहान नाही. रिपोर्टवर आकड्याशेजारी छापलेली संदर्भ मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांची असते. ती काढायची एक सोपी रीत म्हणजे सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करायची आणि तेवढीच मिळवायची. ही रीत घंटेसारख्या आलेखाला चालते. आपल्या नऊ आकड्यांना लावली तर खालची मर्यादा येते वजा १५६! रक्तात वजा ट्रायग्लिसराइड कुणाला असते का? गणित बरोबर आहे, रीत चुकीच्या जागी वापरली.

मग काय करायचे? पट्टी बदलायची. १६० ला शून्य म्हणा. दुप्पट झाले की एक पायरी वर, निम्मे झाले की एक पायरी खाली. आपले आकडे होतात: –२, –१, –१, ०, ०, ०, १, १, २. बघा, दोन्ही बाजू सारख्या झाल्या! या पायऱ्यांची सरासरी शून्य, म्हणजे परत मूळ पट्टीवर आलो की १६०. यालाच भूमितीमध्य म्हणतात. आता दोन प्रमाण विचलने खाली गेलो तर मर्यादा येते सुमारे २९. वजा नाही! लॉग घेणे म्हणजे हेच. जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिदम मांडला तो मोठे गुणाकार सोपे व्हावेत म्हणून. आज तो इथेही कामी येतो.

कुणी म्हणेल, ही तर आकड्यांची हातचलाखी. मला तसे वाटत नाही. कुणाचाही आकडा खोडला नाही, क्रमही बदलला नाही. पण काही पथ्ये पाळायला हवीत. शून्याचा लॉग निघत नाही. बदल केल्यावर आलेख पुन्हा बघायचा, कारण प्रत्येक माहितीला लॉग लागू पडतोच असे नाही. आणि उत्तर सांगताना मूळ एककात परत यायचे. ६४० सारखा आकडा दिसला तर आधी विचारायचे, हा माणूस जेवून तर आला नव्हता?

माझे स्पष्ट मत असे आहे की एकटी सरासरी सांगणे म्हणजे अर्धी माहिती देणे. आणि आपण मुलांना तेच शिकवतो: बेरीज करा, भागा, पुढचे गणित. लॉग प्राथमिकला नको, मान्य. पण आकडे क्रमाने लावणे, मधला शोधणे, आणि "सरासरीच्या खाली किती जण?" हा प्रश्न विचारणे पाचवीच्या मुलालाही जमते. पालकहो, तुम्हीही वर्गाची सरासरी ऐकून मुलाला लगेच शाबासकी किंवा ओरडा देऊ नका.

आणखी एक गोष्ट. मध्यक असो की भूमितीमध्य, तो फक्त 'बहुतेक लोक कुठे आहेत' एवढेच सांगतो. 'कुठे असायला हवे' हे डॉक्टरच सांगतील. बाबांना हे नऊ आकडे पाटीवर मांडून दाखवले. थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मी त्या मोठ्या आकड्याच्या सावलीत उभा होतो होय!" दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. जिलबी सध्या बंद आहे.

उद्या वर्गात हे नऊ आकडे देऊन बघा. मुले काय म्हणाली ते मला नक्की कळवा.