हडळ मेली कशानं, तेही सांगू या!

परदेशी गोष्टींतल्या एल्फ, ड्वार्फ, ऑर्क या जमाती आजकालच्या मुलांना तोंडपाठ असतात. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन सिनेमे २००१ ते २००३ मध्ये आले. तेव्हापासून कोण डोंगराखाली राहतो, कोण मरतच नाही, सगळं पोरांना ठाऊक! कौतुकच आहे. पण अशा जमाती आपल्याकडे काय कमी आहेत? भुतांचा राजा वेताळ. पिंपळावरचा मुंजा. धनात जीव अडकलेला समंध. वाट चुकवणारा चकवा. हडळ, जखीण, लावसट, अलवंतीण. आणि आमच्या पुणतांब्यासारखं गोदाकाठचं गाव असेल, तर पाण्यातल्या साती आसराही आल्याच.

ही नावं कुणा एका लेखकाच्या डोक्यातून निघालेली नाहीत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून अशी माहिती जमवली होती. १९०९ मध्ये त्यांची हत्या झाली. पुढे एन्थोव्हेन या अधिकाऱ्यानं ती संपादून छापली. कोकणचा भाग १९१५ साली निघाला. त्यात पाहिलं तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. आपल्याकडे भुताची जात ठरते ती माणूस कधी आणि कसा मेला त्यावरून. गावोगाव थोडाफार फरक असेल, पण मुंज होऊन सोडमुंज न झालेला मुलगा गेला की मुंजा. बाळंतपणात किंवा त्यानंतर दहा दिवसांच्या आत बाई गेली की हडळ. सवाष्ण गेली की जखीण. विधवा गेली की लावसट.

बघा हं, पुरुषाचं भूत होतं ते इच्छा राहिली म्हणून. कुणाचं लग्न राहिलं, कुणाचं धन राहिलं. बाईचं भूत मात्र तिच्या बाळंतपणावरून नाही तर कुंकवावरून ओळखायचं! तिची काय इच्छा राहिली, हे कुणी विचारलंच नाही.

पडद्यानंही विचारलं नाही. आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या'त (२०२४) त्या पोराचा हट्ट, त्याचं अर्धवट राहिलेलं प्रेम सगळं येतं, म्हणून तर आपल्याला तो भीतीदायक वाटूनही जवळचा वाटतो. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मधला (२०१८) हस्तर तर पुराणातला नाहीच, तो सिनेमासाठी रचलेला. पण त्याच्या हावेची कहाणी इतकी पक्की बांधली आहे, की मुलं त्याला जुनाच देव समजतात. आणि हडळ? पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय. बस्स! ती बाळंतीण होती, हेच गळून गेलं.

हे सगळं कशाला उगाळायचं, असं तुम्हाला वाटेल. पण कामानिमित्त वस्त्यांवर फिरताना ओल्या बाळंतिणीबद्दल 'हिला बाहेरचं झालंय' हे वाक्य मी आजही ऐकते. अंगात ताप, डोळ्याला डोळा नाही, तोंडानं भलतंच बोलणं. की आधी अंगारा, मग लिंबू, मग देवऋषी. दवाखाना सगळ्यात शेवटी. खरं तर बाळंतपणानंतरचा ताप म्हणजे बहुतेकदा जंतुसंसर्ग, आणि ते भलतं बोलणं हा आजार असतो, औषधानं बरा होणारा. यात दोन दिवस गेले तरी जिवावर बेततं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली, तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण घरातल्या घरात सासू-नणंदा अंगारा लावत बसतात, तिथं कायदा कुठवर पुरणार? तिथं आपणच पुरायला हवं.

आणि बदल होतो, हेही खरं. राज्यात २००४-०६ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. दवाखान्यातली बाळंतपणं, रक्ताची सोय, आशाताईंच्या फेऱ्या, यांनी जे केलं ते कुठल्या मंत्रानं झालं नसतं. जुन्या भाषेत सांगायचं तर तितक्या हडळी कमी झाल्या!

म्हणून भुताच्या गोष्टी बंद करा, असं मी मुळीच म्हणणार नाही. अंधारात गोधडीत शिरून ऐकायची मजा मुलांना मिळालीच पाहिजे. सिनेमेही पाहू द्या. फक्त हडळीची गोष्ट सांगाल तेव्हा ती अर्ध्यावर सोडू नका. तिला रक्तस्राव झाला होता, गाडी नव्हती, आणि घरात कुणी वेळेवर 'दवाखान्यात न्या' म्हटलं नाही, हेही सांगा. ऐकणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी उद्या नवरा होणार आहे, कुणी सासू. त्या रात्री १०८ ला फोन त्यांनाच लावायचा आहे.