प्रामाणिक पेटी, खोटारडा खोका

केव्हीएम स्विच म्हणून बाजारात ज्या स्वस्त पेट्या विकल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा विकणं ही उघड उघड लबाडी आहे. हे मत सौम्य करायचं मला काही कारण दिसत नाही. गरज खरी आहे. टेबलावर दोन संगणक, एक कंपनीचा लॅपटॉप आणि एक घरचा. पण मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस एकेकच. बटण दाबलं की सगळा सरंजाम एकाकडून दुसऱ्याकडे जायला हवा. वनबीएचकेत दुसरं टेबल मांडायचं तर पलंग गॅलरीत न्यावा लागेल, म्हणून माणूस पेटी घेतो.

आता बटण दाबल्यावर काय होतं ते बघा. पडदा काळा होतो. ‘नो सिग्नल’ची पाटी येते. मग दम खाऊन चित्र उमटतं. घरच्या संगणकावरचं काम उरकून कंपनीच्या लॅपटॉपवर परत यावं, तर मोठ्या पडद्यावर शिस्तीत मांडलेल्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या चिमुकल्या पडद्यावर एकीवर एक कोंबून ठेवलेल्या. एक्सेल आक्रसून कोपऱ्यात गेलेलं. चालू मीटिंगची खिडकी या ढिगाऱ्यातून उपसून काढेपर्यंत साहेब तिकडे तुमचं नाव घेऊन हाका मारतायत. विंडोज 11 आता खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा प्रयत्न करतं, ते ठीकच. पण मुळात मांडलेला संसार मोडायचाच कशाला?

यात संगणकाचा दोष नाही. मॉनिटर जोडला की तो संगणकाला आपली ओळख सांगतो: मी कोण, माझा आकार काय, मला कुठलं चित्र झेपतं. या माहितीला ईडीआयडी म्हणतात आणि तिचा मूळ गठ्ठा अवघा 128 बाइटचा असतो. स्वस्त पेटी बटण दाबताच हा संवादच तोडते. संगणकाला वाटतं, मॉनिटर काढून नेला. म्हणून तो खिडक्या आवरून घेतो. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. अशा वेळी पेटीनं त्याला बिनदिक्कत थाप मारायला हवी, की मॉनिटर इथेच आहे, तू बस निवांत. या थापेचं तांत्रिक नाव ईडीआयडी एम्युलेशन. समोर नसलेल्या संगणकाशी सफाईनं खोटं बोलणं हेच या पेटीचं मुख्य काम आहे, बाकी सगळी हमाली.

आणि ही विद्या नवीन नाही, म्हणून तर संताप येतो. या पेट्या मूळच्या सर्व्हररूममधल्या. गोल पीएस/2 पिनांच्या जमान्यात संगणक सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही, तर कित्येक यंत्रं अडून बसत आणि पडद्यावर लिहीत: कीबोर्ड नाही, पुढे जाण्यासाठी एफ1 दाबा. (ज्या कीबोर्डाचा पत्ता नाही, त्याचंच बटण! हे लिहिणाऱ्याला साष्टांग नमस्कार.) म्हणून तेव्हाच्या चांगल्या पेट्या प्रत्येक संगणकापुढे एक तोतया कीबोर्ड उभा करीत. तोतया लागतो हे या धंद्याला तेव्हापासून ठाऊक आहे. आज तोतया मॉनिटर उभा करायची वेळ आली, तर स्वस्त पेटीला एकदम सत्यवादी हरिश्चंद्र आठवतो.

पेटी अशी खरं बोलते आणि खोटं बोलायचं काम खोक्यावर सोपवते. खोक्यावर ‘4के’ एवढं मोठं, की लांबून वाचावं. आत एचडीएमआय 1.4, म्हणजे 4केला सेकंदाला 30च चित्रं, आणि तो 30चा आकडा मुंगीच्या अक्षरात मागच्या बाजूला. 60 चित्रांसाठी लागणारं एचडीएमआय 2.0 आलं 2013 साली. माऊस हलवला की बाण चिखलातून चालल्यासारखा मागून येतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. काही पेट्यांत संगणक बदलायला स्क्रोल लॉक दोनदा दाबायचा असतो. तो आजच्या किती लॅपटॉपवर असतो, ते बनवणाऱ्यानंच दाखवावं. इन्स्क्रिप्टवाल्यांचे हाल आणखी वेगळे. कीबोर्ड एक, पण लिपीची निवड ज्या त्या संगणकात. घाईत ‘ओके’ची दोन बटणं दाबावीत आणि साहेबांना ‘दक’ असं उत्तर जावं.

यावर फुकटचे सल्लागार म्हणतात, पेटी कशाला, सॉफ्टवेअर घ्या. सिनर्जी आहे, मायक्रोसॉफ्टचं माऊस विदाउट बॉर्डर्स आहे. ती उत्तम आहेत, पण कीबोर्ड-माऊस वाटून देतात, पडदा नाही. शिवाय कंपनीच्या लॅपटॉपवर साधा फॉन्ट टाकायलाही आयटीची परवानगी लागते. टेबल माझं, मॉनिटर माझा, वीज माझी. हुकूम तेवढा त्यांचा.

मॉनिटर बनवणाऱ्यांनाही सोडता कामा नये. आज साध्या मॉनिटरलाही बहुधा दोन इनपुट असतात. दोन्ही संगणक थेट त्यांनाच जोडले, तर चित्रापुरती पेटी लागतच नाही. संगणकावरून मॉनिटरला इनपुट बदलायला सांगता यावं यासाठी डीडीसी/सीआय हे मानक 1998पासून आहे. पण तो हुकूम कुठला मॉनिटर पाळतो, कुठला कानाआड करतो. मग पाठीमागे हात घालून बोटानं चाचपत बटण शोधा, मेनूत शिरा, मेनूतून उपमेनूत जा. कीबोर्ड-माऊसही वाटून देणारी सोय मॉनिटरच्या आतच बसवता येते. ती बसवतातही, पण महागड्या मॉडेलात, आणि वर उपकार केल्यासारखी जाहिरात करतात.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी विचारलं, यात ईडीआयडी एम्युलेशन आहे का? दुकानदारानं खोका उलटासुलटा केला, माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, 4के आहे ना!”